जुन्या डिझेल गाडीत डिझेल नीट पोचत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहेत: १४०५ सीसीची जुनी इंडिका, १९४८ सीसीची सुमो, क्वालिस, झेन आणि एस्टीमची डिझेल मॉडेलं, महिंद्राच्या जुन्या जीपा आणि सुरुवातीच्या बोलेरो. गाडीच्या नावात डायकोर, सीआरडीई, डीडीआयएस किंवा मल्टीजेट असं काही असेल तर ती कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामायिक नळीतून जबर दाबाचं डिझेल मिळतं. तिथे हाय प्रेशर पाईप सैल करायची कृती अजिबात करू नका, तो दाब हजार बारच्या पुढचा असतो.

गाडी नीट चालत नाही म्हटलं की पहिला आळ पंपावर येतो आणि पंप उघडला जातो. खरा दोष पुष्कळदा वीतभर रबरी पाईपमध्ये, एखाद्या तांब्याच्या वॉशरमध्ये किंवा टाकीच्या झाकणात असतो. म्हणून इथल्या बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: पंपाला हात लावण्याआधी पंपापर्यंतची वाट तपासा.

टाकीपासून नोझलपर्यंत डिझेल जातं कसं?

टाकीतल्या पिकअप पाईपच्या टोकाला जाळी असते. तिथून गाडीखालचा लोखंडी पाईप, मध्ये रबरी तुकडे, मग फिल्टर, मग पंप, तिथून जाड भिंतीचे हाय प्रेशर पाईप आणि शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल. जास्तीचं डिझेल ओव्हरफ्लोच्या पाईपने टाकीत परत जातं.

पंप दोन जातींचे. लाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) असतो आणि पंपाच्या कुशीत फीड पंप बसवलेला असतो, त्यालाच हाताने दाबायची मूठ असते. जुन्या जीपांत हा दिसतो. गॅरेजमध्ये त्याला सरसकट मायको पंप म्हणतात. १९५१ साली स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीच्या नावावरून ते पडलं आणि २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं तरी टिकून आहे. रोटरी पंपात एकच प्लंजर फिरत फिरत चारही सिलिंडरला डिझेल वाटतो, आणि टाकीतून ओढून घेणारा व्हेन पंप त्याच्या पोटातच असतो.

हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा शोध त्यावर उभा आहे. लाइन पंपाच्या गाडीत फीड पंपाच्या आधीचा भाग ओढीखाली असतो आणि नंतरचा दाबाखाली. म्हणजे फीड पंपानंतर कुठे फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, आधी असेल तर हवा आत शिरते. वेगळा फीड पंप नसलेल्या रोटरी गाडीत टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा रस्ता, फिल्टरसकट, ओढीखाली असतो. तिथे फट असूनही खाली थेंब पडत नाही. गाडीखाली फरशी कोरडी आहे म्हणून लीक नाही, असं म्हणता येत नाही.

सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाही. आधी काय बघू?

सायलेन्सरकडे. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून धूर बघायचा.

धूर अजिबात नाही: सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. सोलेनॉइड, हवा, फिल्टर, रिकामी टाकी या बाजूने शोधा.

पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय: डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) किंवा मंद फिरणारा सेल्फ. डिझेल इंजिन दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं, सेल्फ रडत फिरला तर ती उष्णता तयार होत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज १० च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंगची केबल बघा. टायमिंग बेल्ट दात सोडून सरकला असेल तरी लक्षण हेच दिसतं, त्यामुळे बेल्टची गाडी असेल तर सेल्फ मारत बसू नका, कव्हर काढून खुणा जुळवा.

एक सक्त सूचना. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या पाईपमध्ये ईथरचा स्प्रे किंवा पेट्रोल मारू नका. तापलेल्या प्लगवर ते अवेळी पेटतं आणि पिस्टनची कडी तुटू शकते.

सोलेनॉइड खराब आहे हे कसं ओळखायचं?

रोटरी पंपाच्या मागच्या बाजूला, हाय प्रेशर पाईप निघतात तिथेच, एक तार जोडलेला गोल भाग दिसतो. तो स्टॉप सोलेनॉइड. किल्ली ऑन केली की डिझेलची वाट उघडतो, ऑफ केली की बंद करतो. किल्ली ऑन ठेवून त्याची तार काढा आणि परत टेकवा. बारीक पण स्पष्ट 'टक' ऐकू यायला हवं.

आवाज नाही? टेस्टलॅम्पने तारेवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज, इग्निशन स्विच किंवा चोरीविरोधी कुलपाची वायरिंग तपासा. बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरचा फ्यूज घातलेली तार थेट सोलेनॉइडला दिली आणि गाडी सुरू झाली, तर पंप निर्दोष आहे.

तार ठीक असूनही 'टक' नसेल तर सोलेनॉइड सोडवा. आत एक छोटा प्लंजर आणि स्प्रिंग असते, ती हातातून उडू देऊ नका. आधी आजूबाजूची माती ब्रश आणि डिझेलने धुवा, कारण ते भोक थेट पंपाच्या काळजात जातं. वाटेत अडकलात तर प्लंजर आणि स्प्रिंग काढून सोलेनॉइड रिकामा परत बसवता येतो. गाडी चालू होईल, पण किल्लीने बंद होणार नाही. बंद करायला ब्रेक दाबून टॉप गिअरमध्ये क्लच सोडावा लागेल. हा घरी पोचण्यापुरता उपाय समजा, दुसऱ्याच दिवशी नवीन सोलेनॉइड बसवा.

सकाळी दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारावा लागतो, नंतर दिवसभर त्रास नाही. हीटर प्लग गेले का?

प्लग असू शकतात. पण आधी धूर बघा. सुरुवातीचे काही सेकंद धूरच नसेल, मग गाडी अडखळत उठत असेल आणि थोड्या वेळाने सरळ होत असेल, तर रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरलंय. कुठल्या तरी फटीतून हवा आत येते आणि तिची जागा घेत डिझेल खाली सरकतं. गॅरेजच्या भाषेत गाडीने एअर घेतली.

याची बिनखर्चाची खूण: एक रात्र गाडी उताराला तोंड खाली करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड वर करून. तोंड खाली असताना पटकन आणि वर असताना उशिरा चालू होत असेल तर दोष डिझेल उतरण्याचा आहे. दोन्ही वेळा सारखाच त्रास असेल तर हीटर प्लगकडे वळा.

हवा शिरायच्या जागा, सर्वांत जास्त सापडणारी आधी:

नोझलवरून एकमेकांना जोडणारे बारीक, सुती विणीचे ओव्हरफ्लो पाईप. हे काही रुपयांत मिळतात आणि वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही. शेवटच्या नोझलवरची रबरी टोपीही बघा. बोटाने वाकवा, आत भेग दिसली की सगळे एकदम बदला.

फिल्टरच्या डोक्यावरचं हाताने दाबायचं बटण. त्याखालचा पडदा फाटला की बाहेरून ओलसरही दिसत नाही.

फिल्टरची रबरी रिंग. जुनी रिंग वरच चिकटून राहते आणि तिच्यावर नवीन बसते, ही चूक अगदी नेहमीची.

बॅन्जो बोल्टचे (आतून पोकळ, डिझेल जाऊ देणाऱ्या बोल्टचे) वॉशर. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की कडक होतो. नवीन मिळत नसेल तर तो लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतो. ॲल्युमिनियमच्या वॉशरला हे करू नका, तो वितळेल.

रबरी पाईपच्या टोकाची क्लिप. रुंद, खाचांची जुबिली क्लिप बारीक पाईपवर गोल बसत नाही, एका बाजूला फुगा राहतो. नट-बोल्टने आवळायची अरुंद क्लिप वापरा. पाईप चांगला असेल तर टोकाचे दोन सेंटिमीटर कापून ताज्या भागावर क्लिप बसवा.

फट शोधायला प्रत्येक जोडावर जाडसर ग्रीस थापा, एकेका दिवशी एकेक जोड. ज्या दिवशी सकाळी गाडी पटकन उठेल, त्या दिवशीचा जोड दोषी. वेळ लागतो, पण खर्च फक्त ग्रीसचा.

बाटली टेस्ट म्हणजे काय, आणि ती कशी करायची?

गाडीची टाकी आणि पाईप बाजूला ठेवून पंपाला वेगळ्या कॅनमधून डिझेल द्यायचं. आमच्या मते या दुरुस्तीतली सर्वांत मोलाची तपासणी हीच.

साहित्य: ५ लिटरचा स्वच्छ कॅन, ३ लिटर ताजं डिझेल, दोन मीटर पारदर्शक पाईप (बहुतेक गाड्यांना आतून ८ मिलिमीटरचा लागतो, आपल्या नळीवर घट्ट बसतो का बघून घ्या), चार क्लिपा आणि एक छोटा जाळीचा फिल्टर.

कॅन पंपापेक्षा वर, पण बॅटरी, फॅन आणि तापलेल्या मॅनिफोल्डपासून लांब बांधा. पाईप तोंडाने ओढून भरू नका, डिझेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. पाईप आधी कॅनमध्ये बुडवून भरून घ्या किंवा हातपंपाने भरा. परतीचा पाईपही त्याच कॅनमध्ये सोडा.

पहिली फेरी: कॅनचा पाईप फिल्टरच्या इनलेटला लावा. हवा काढा, गाडी चालू करा. त्रास गेला तर दोष बहुधा फिल्टरच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. तिसरी फेरी केल्याशिवाय पंपाला दोष देऊ नका.

दुसरी फेरी: त्रास तसाच असेल तर फिल्टर सोडून पाईप थेट पंपाच्या इनलेटला, मध्ये छोटा फिल्टर घालून. आता सुधारली तर फिल्टर, त्याचं डोकं किंवा तिथला वॉशर.

तिसरी फेरी बहुतेक जण विसरतात. कॅन वर असताना डिझेल वजनाने आपोआप उतरतं, त्यामुळे रोटरी पंपातला थकलेला व्हेन पंप झाकला जातो. आता कॅन जमिनीवर ठेवा. नवीन पाईप, नवीन क्लिपा, तरी पंप जमिनीवरून डिझेल ओढू शकत नसेल किंवा ओढताना हवा घेत असेल, तर पंपाच्या आतलं सील किंवा व्हेन गेलेले आहेत. इथे पंप उघडायला कारण मिळालं.

पारदर्शक पाईपमध्ये चालू केल्यावर मिनिटभर सुटे बुडबुडे दिसले तर चालतात. सोड्याच्या बाटलीसारखी बारीक बुडबुड्यांची अखंड रांग दिसली तर हवा येतेय. इनलेटच्या पाईपमध्ये बुडबुडे नाहीत आणि पंपाच्या परतीच्या पाईपमध्ये आहेत, तर हवा पंपाच्याच सीलमधून शिरतेय. बहुधा रेसच्या लिव्हरच्या दांड्याचं सील.

एअर कशी काढायची?

लाइन पंप: फीड पंपाची मूठ सोडवा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करून मूठ मारत राहा. फेस जाऊन स्वच्छ धार आली की मूठ दाबलेली असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या एअर स्क्रूला तेच. शेवटी मूठ खाली दाबून आटा पूर्ण आवळायला विसरू नका, सैल राहिली तर तिथूनच हवा शिरते.

रोटरी पंप: किल्ली ऑन ठेवा, नाहीतर सोलेनॉइड वाट अडवून बसेल. परतीचा बॅन्जो बोल्ट एक आटा सैल करून फिल्टरवरचं बटण दाबत राहा. बिनबुडबुड्याचं डिझेल आलं की आवळा. बटण दाबायला जड लागलं पाहिजे.

मग दोन सिलिंडरच्या नोझलकडचे पाईप अर्धा आटा सैल करून (बहुतेक ठिकाणी १७ चा पाना) सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती, नाहीतर सेल्फची कॉइल जळते. उचक्या मारत डिझेल येऊ लागलं की आवळा. धक्का मारून चालू करायचा मोह टाळा. टायमिंग बेल्टच्या गाडीत झटक्याने बेल्ट दात सोडू शकतो.

पंपावरचे दोन बॅन्जो बोल्ट दिसायला जुळे असतात, पण बॉश धर्तीच्या रोटरी पंपात परतीच्या बोल्टच्या डोक्यावर इंग्रजीत 'आउट' कोरलेलं असतं आणि त्यातलं भोक सुईने टोचल्याएवढं असतं. ते भोक पंपाच्या आतला दाब राखतं. बोल्टांची अदलाबदल झाली तर पंप उपाशी राहतो आणि गाडी चालू होत नाही किंवा आयडलिंग धरत नाही. कोणी नुकतंच काम केलेलं असेल तर आधी हे बघा.

सपाट रस्त्यावर ठीक, पण घाटात पिकअप मरतो. टर्बो, पंप की फिल्टर?

परत धुराला विचारा. दम नाही आणि काळा धूर भरपूर: डिझेल पुरतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर, टर्बोचा पाईप, नाहीतर खराब नोझल. दम नाही आणि धूरही नाही: इंजिन उपाशी आहे.

आयडलिंगला लागतं त्याच्या कित्येक पट डिझेल कुंभार्ली किंवा आंबोलीच्या चढावर लागतं. अर्धवट तुंबलेली वाट शहरात चालून जाते, घाटात उघडी पडते. क्रमाने बघा.

डिझेल फिल्टर. गाडीच्या पुस्तकात १०,००० ते २०,००० किलोमीटर असं काहीतरी दिलेलं असेल, टाकी जुनी असेल तर त्याच्या निम्म्यावरच बदला. बसवण्याआधी नवीन फिल्टर स्वच्छ डिझेलने भरायचा असेल तर कडेच्या बारीक भोकांतून भरा. मधलं भोक गाळून झालेल्या डिझेलचं असतं, तिथून ओतलेला कचरा थेट पंपात जातो.

लाइन पंपाच्या फीड पंपातली जाळी. इनलेटच्या बोल्टमागे किंवा त्याखालच्या वाटीत असते. फिल्टर पाच वेळा बदलून जाळी एकदाही धुतलेली नाही, अशा गाड्या खूप.

टाकीतली जाळी. टाकीचं झाकण उघडा, फिल्टरकडचा पाईप काढून सायकलच्या पंपाने मागे हवा मारा. टाकीत मोकळा बुडबुड आवाज आला पाहिजे. हवा जड जात असेल तर जाळी तुंबलीय. हवा मारून ती तात्पुरती मोकळी होते, पण कचरा टाकीतच राहतो आणि पुढच्या घाटात परत येऊन बसतो. टाकी उतरवून धुणं हाच इलाज. आणि रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायला कुणालाही सांगू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो. टाकी दुरुस्तीचे लोक ती वाफेने किंवा पाणी भरून तयार करतात, तेच करू देत.

रबरी पाईपचा आतला थर. बाहेरून पाईप धडधाकट, आतला थर सुटलेला. हळू ओढीला वाट मोकळी राहते, जोराच्या ओढीला तो थर झडपेसारखा मिटतो. शंका असेल तर पाईप उभा चिरून बघा, नाहीतरी बदलायचाच आहे.

टाकी पाव राहिली की चढावर झटके येतात आणि टाकी भरली की जातात, असं असेल तर टाकीतला पिकअप पाईप मध्येच चिरलाय. डिझेलची पातळी चिरेच्या खाली गेली की तो हवा पितो.

अर्धा तास चालून गाडी बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की परत चालते. कारण?

टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक धूळ-मातीने बुजलं की डिझेल जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि ओढ हरते. गाडी बंद पडली त्याच क्षणी झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत शिरली तर कारण सापडलं. झाकण बदला. झाकण सैल ठेवून फिरू नका, पावसाचं पाणी आत जाईल.

गरम झाल्यावर बंद केली की लगेच चालू होत नाही. थंड झाली की होते.

ही मात्र खुद्द पंपाची खूण असू शकते. गरम डिझेल पातळ होतं आणि रोटरी पंपाच्या हेडमध्ये झीज झालेली असेल तर सेल्फच्या कमी वेगात दाब धरत नाही, फटीतून निसटतं. इंजिन बंद असताना पंपाच्या मागच्या भागावर, पाईप निघतात तिथे, गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा. आता चालू झाली तर हेड आणि रोटर झिजलेत. चालू इंजिनच्या तापलेल्या पंपावर पाणी ओतू नका, आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीवर फिरतात, अचानक आकसून जाम होतात.

इंजिन मिसिंग मारतंय. कोणतं नोझल, कसं कळेल?

आयडलिंगला एकेका नोझलचा पाईप फडक्याने झाकून अर्धा आटा सैल करा. इंजिनचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर तोच आळशी. डोळ्यांवर गॉगल, हात जोडापासून दूर. नोझलची फवार कातडीत घुसते, बाहेरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तासाभरात हॉस्पिटल गाठा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आळशी सिलिंडरचं नोझल दुसऱ्याशी बदलून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल, जागेवर राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह. नोझल टेस्टरवर तीन गोष्टी बघून घ्या: किती दाबावर उघडतं (इंडिकासारख्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या इंजिनात साधारण ११५ ते १५० बार, थेट इंजेक्शनला २०० च्या पुढे), फवार धुक्यासारखा पडतो का, आणि उघडण्याआधी टोकावर थेंब धरतो का. चारही नोझल एकाच दाबाला लावून घ्या. खालचा वॉशर दर वेळी नवीन, आणि तो ज्या तोंडाने बसलेला होता त्याच तोंडाने. जुना वॉशर खाली चिकटून राहतो, टॉर्च मारून खात्री करा.

पावसाळ्यात फिल्टरमध्ये पाणी सापडतं. येतं कुठून?

कोकणात हा प्रश्न जून ते सप्टेंबर हमखास. झाकणाचं वाळलेलं रबर, आणि त्याहून जास्त वेळा मडगार्डमागचा टाकी भरायचा रबरी गळा. मागचं चाक सगळं पाणी तिथेच उडवतं आणि गळ्याला वरच्या बाजूने, न दिसणारी भेग असते. आरसा आणि टॉर्च घेऊन बघा. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं दवही जमतं, म्हणून पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली असावी.

पावसाळ्यात दर आठवड्याला फिल्टरखालचा स्क्रू सोडून १०० ते २०० मिली डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, रेघ स्पष्ट दिसते. काम झाल्यावर एअर काढा.

फिल्टरच्या कागदावर काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखा थर दिसला तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढलेत. पाणी गेलं की त्यांचा आधार गेला, म्हणून औषध ओतण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. नाहीतर मेलेला थर सुटून दर आठवड्याला नवा फिल्टर खाईल.

बीएस-६ डिझेल आल्यापासून जुना पंप पाझरू लागला. संबंध आहे का?

असू शकतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं. गंधकाची मर्यादा बीएस-४ मधल्या ५० वरून १० पीपीएमवर आली. गंधक काढताना डिझेलमधले ॲरोमॅटिक नावाचे घटकही घटतात आणि ते पिऊन वर्षानुवर्षं फुगलेलं जुनं नायट्राईल रबर आकसतं. उपाय म्हणजे व्हायटॉन रबराचा सील किट. बाहेरचे पाईपही 'एसएई जे३० आर९' छापलेले घ्या.

वंगणाची काळजी मात्र करू नका. कमी झालेलं वंगण भरून काढायला रिफायनरीतच मिश्रक घालतात आणि मानकात त्याची मर्यादा ठरलेली आहे: घर्षण चाचणीतला व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. टाकीत टू-टी ऑइल ओतायची गरज नाही.

चुकून पेट्रोल भरलं. किंवा डिझेलमध्ये रॉकेलची शंका आहे.

पेट्रोल भरल्याचं पेट्रोल पंपावरच कळलं तर किल्लीही ऑन करू नका. ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करा. रोटरी पंपाचं सगळं वंगण म्हणजे डिझेलच, आणि पेट्रोल ते धुऊन काढतं. लाइन पंपाचा कॅम ऑइलमध्ये असतो, पण त्याचे प्लंजरही डिझेलवरच आहेत.

भेसळीची शंका असेल तर पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. १५ अंश सेल्सिअसला बदलून काढलेली घनता आणि टँकरच्या पावतीवरची घनता यांत ३ किलो प्रति घनमीटरपेक्षा जास्त फरक नसावा.

इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढतेय.

गाडी थांबवा, हे वाढलेलं बहुधा डिझेल आहे. डिपस्टिकचा थेंब वर्तमानपत्रावर टाका. काळ्या ठिपक्याभोवती फिकट तेलकट कडं लांब पसरलं आणि वास आला तर खात्री झाली. लाइन पंपात फीड पंपाच्या दांड्याचं सील किंवा झिजलेले प्लंजर, गिअरवर चालणाऱ्या रोटरी पंपात पुढचं सील, आणि कोणत्याही गाडीत ठिबकणारं नोझल. बेल्टवर चालणाऱ्या पंपाचं पुढचं सील गेलं तर डिझेल ऑइलमध्ये न जाता बेल्टवर पडतं. भिजलेला बेल्ट पुसून परत वापरू नका, बदला.

पातळ ऑइलने बेअरिंग जातात. शिवाय पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल हवेच्या वाटेने ओढून त्यावर पळू लागतं आणि किल्ली बंद करूनही रेस चढत जाते. तसं झालं तर ब्रेक दाबून टॉप गिअर टाका आणि क्लच सोडा, किंवा हवेच्या पाईपचं तोंड जाड फळीने बंद करा. हाताने कधीच नको.

लडाखला जाणार आहोत. डिझेल गोठेल का?

महाराष्ट्रात भरलेलं उन्हाळी डिझेल तिथे मेण धरू शकतं आणि फिल्टर चोंदतो. आपल्या मानकात उन्हाळी डिझेलचा ओतबिंदू (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही ते तापमान) १५ अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेलचा ३ अंशांपर्यंत चालतो. थंडीत जात असाल तर इथलं डिझेल वाटेत संपवून वरचं हिवाळी डिझेल भरत जा. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल लडाखसाठी २०१९ मध्ये आलं.

पंप काढायचाच ठरला. पंपवाल्याकडे काय सांगायचं, काय मागायचं?

काढण्याआधी पंपाचा फ्लँज आणि इंजिन यांच्यावर एकच सरळ रेघ बारीक छिन्नीने मारून घ्या, म्हणजे टायमिंग निदान जवळपास तरी परत बसेल. नंतर ते डायल गेजने तपासून घ्यावंच लागतं. पाईप काढले की प्रत्येक तोंडाला प्लास्टिकची टोपी लावा, चिंधी कोंबू नका, तिचा धागा आत जातो.

पंपाबरोबर चारही नोझल न्या. 'रिपेअर करा' एवढंच न सांगता लक्षण सांगा: तोंड वर केल्यावर उशिरा चालू होते, जमिनीवरच्या कॅनमधून ओढत नाही, परतीत बुडबुडे आहेत. उघडण्याआधी पंप बेंचवर चढवून रीडिंग घ्यायला लावा, आणि काम झाल्यावरचं रीडिंगही कागदावर मागा. त्या कागदावर वेगवेगळ्या फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरला किती सीसी डिझेल पडलं ते असतं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवेत आणि त्या पंपाच्या कंपनी तक्त्यात बसायला हवेत. फक्त सीलचं काम असेल तर हेड-रोटर बदलायला होकार देऊ नका, आणि बदललंच तर जुना माल परत घ्या.

जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू पिकअपसाठी 'थोडा आत' घ्यायला सांगू नका. काळा धूर वाढतो, नोझलवर काजळी धरते आणि पीयूसीत गाडी अडते.